हूऱ्याहून : आपटून, वाकवून, बुडवून दाखवलेला मोबाईल



सुट्टीचं तिकीट काढलं की दुसऱ्याच दिवशी घरून यादी येते. खजूर, बदाम, अत्तर, आईसाठी गुडघ्याला लावायचं मलम आणि सगळ्यात शेवटी हळूच, "बघ, जमलं तर एक मोबाईल." मग आपल्यातलाच कोणीतरी फोन करतो, "तू आयटीतला ना, सांग कुठला घेऊ?" आयटीतल्या माणसाला मोबाईल, प्रिंटर आणि टीव्हीचा रिमोट यातलं सगळं कळतं असा एक समज आहे. त्याला इलाज नाही :-)

या खेपेला मात्र प्रश्न जरा वेगळा आला. दोघा-तिघांनी व्हिडिओच पाठवले. एकात नवाकोरा फोन पात्याने खरवडलाय, लायटरने जाळलाय आणि शेवटी दोन्ही हातांनी वाकवलाय. दुसऱ्यात तोच फोन पाण्याच्या बरणीत अर्धा तास ठेवलाय आणि वर घंटा वाजवून दाखवलीय. तिसऱ्यात दोन फोन एकदम फरशीवर सोडलेत, एक फुटला, एक वाचला. खाली प्रश्न: "हे खरं धरायचं का? पैसे दोनदा घालवायचे नाहीत."

थोडक्यात उत्तर असं की जे दिसतं ते बहुतेक वेळा खरं असतं. त्यावरून जो निकाल सांगितला जातो तो बहुतेक वेळा फार ताणलेला असतो. आता सविस्तर.

हे लिहायला मी कोण? शिक्षण मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं, पोट भरतं सॉफ्टवेअरवर. आपल्या पिढीत अनेक मेकॅनिकलवाल्यांचं असंच झालं. दुसऱ्या वर्षाला स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सच्या लॅबमध्ये यूटीएम नावाचं एक धूड असायचं. त्यात लोखंडी सळई धरायची आणि तुटेपर्यंत ओढायची. तुटताना धाडकन आवाज व्हायचा आणि पोरं खूश. पण सर मार्क द्यायचे ते आवाजाला नाही. सळईचा व्यास किती ठिकाणी मोजला, भार किती वेगाने वाढवला, किती नमुने तोडले, हे जर्नलमध्ये लिहिलंय का ते बघायचे. आता ऑफिसात सॉफ्टवेअरच्या चाचण्या बघतो, तिथेही तीच गत. "माझ्या मशीनवर चाललं" याला कोणी चाचणी म्हणत नाही. व्हिडिओत आपल्याला धाडकन आवाज ऐकू येतो, जर्नल मात्र कोणी दाखवत नाही.

१. ओरखडे

सगळ्यात प्रसिद्ध चाचणी ही. अमेरिकेतला झॅक नेल्सन 'जेरीरिगएव्हरीथिंग' या नावाने कित्येक वर्षं ती करतो आहे आणि बाकीच्या बऱ्याच जणांनी त्याचंच पाहून उचललं. त्याच्याकडे टोकदार कांड्यांचा संच असतो. प्रत्येक कांडीला नंबर, तो मोह्ज मापाचा. फ्रेडरिक मोह्ज या जर्मन खनिजतज्ज्ञाने १८१२ साली हे माप मांडलं. आपल्या भाषेत सांगायचं तर १ म्हणजे रांगोळीतलं संगजिरं, ३ म्हणजे चुनखडीतला कॅल्साईट, ७ म्हणजे गारगोटी, ८ पुष्कराज, ९ माणिक-नीलम आणि १० हिरा. ज्याने ज्याच्यावर ओरखडा पडतो ते जास्त कठीण.

यात एक मेख आहे. ही नुसती क्रमवारी आहे. वर्गात पहिला, दुसरा, तिसरा आला म्हणून त्यांच्या मार्कांतलं अंतर सारखं असतं असं नाही. ९ आणि १० मधलं अंतर हे १ ते ९ मधल्या सगळ्या अंतरापेक्षाही मोठं आहे. शिवाय कांडी हाताने फिरवतात, दाब किती ते कोणी मोजत नाही.

निकाल काय येतो? बहुतेक सगळ्या काचेच्या फोनवर ६ ला बारीक ओरखडे आणि ७ ला खोल. वर्षानुवर्षं साधारण तेच. म्हणजे दोन काचेच्या फोनमधला चांगला कुठला, हे या चाचणीतून फारसं कळत नाही. पण पडदा काचेचा आहे की प्लास्टिकचा, हे मात्र चटकन कळतं. २०२० साली घडी होणारा गॅलेक्सी झेड फ्लिप आला तेव्हा त्याचा पडदा अतिपातळ काचेचा असल्याचा गाजावाजा झाला होता. नेल्सनने कांडी फिरवली तर प्लास्टिकसारखे ओरखडे अगदी खालच्या नंबरालाच पडले. मग सॅमसंगने खुलासा केला की काच आहे, पण तिच्यावर संरक्षक थर आहे. आपलं बोट लागतं ते त्या थराला, हे गिऱ्हाइकाला त्या एका व्हिडिओमुळे समजलं. हे काम जाहिरातीने केलं नसतं.

आता आपल्यापुरतं. चाव्या आणि नाण्यांनी फोनची काच सहसा ओरखडत नाही, ती ओरखडते धुळीने. शमाल सुटला की खिडकीच्या चौकटीत जी पिठासारखी धूळ बसते, तिच्यात गारगोटीचे कण असतात, म्हणजे ७ नंबर. समुद्रावरच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा बराच असतो आणि तो मऊ, पण त्यात गारगोटी मिसळलेली असतेच. तेव्हा खिशातली धूळ झटकणे आणि दोन-तीन दिनारची काच वर चिकटवून घेणे, हे कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त उपयोगी.

२. वाकवणे

या प्रकारातली सगळ्यात गाजलेली गोष्ट २०१४ ची आणि ती नीट सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यात दोन्ही बाजू थोड्या थोड्या बरोबर निघाल्या.

सप्टेंबर २०१४ मध्ये आयफोन ६ आणि ६ प्लस बाजारात आले. काही दिवसांतच 'अनबॉक्स थेरपी' चालवणाऱ्या लुईस हिल्सेंटेगरने ६ प्लस नुसत्या हातांनी वाकवून दाखवला. जगभर बोंबाबोंब झाली. अॅपलने सांगितलं की पहिल्या सहा दिवसांत वाकलेल्या फोनची तक्रार फक्त नऊ गिऱ्हाइकांनी केली आहे.

मग अमेरिकेतली कन्झ्युमर रिपोर्ट्स ही संस्था पुढे आली. १९३६ पासूनची ही संस्था, जाहिराती घेत नाही, वस्तू दुकानातून स्वतःच्या पैशाने विकत घेते. त्यांनी आमच्या यूटीएमच्या जातीचं मशीन लावलं. फोन दोन टोकांवर ठेवायचा आणि मधोमध दाबायचा. आयफोन ६ साधारण ७० पौंडांना म्हणजे ३२ किलोला वाकला, ६ प्लस ९० पौंडांना म्हणजे ४१ किलोला. एचटीसी वन एम८ सुद्धा ७० लाच वाकला. एलजी जी३ ने १३० पौंड घेतले, गॅलेक्सी नोट ३ ने १५०. त्यांचा निष्कर्ष असा की बोंब झाली तेवढं काही नाही, फोन वापरायला पुरेसा दणकट आहे. म्हणजे व्हिडिओवाला हरला आणि लॅब जिंकली.

पण गोष्ट इथे संपत नाही. २०१६ मध्ये ६ प्लसचे पडदे बोटाला दाद देईनासे झाले, वर एक करडी लुकलुकणारी पट्टी दिसायची. दुरुस्तीवाल्यांनी त्याला 'टच डिसीज' असं नाव दिलं. स्पर्श ओळखणारी चिप बोर्डावर ज्या झाळणीने बसवलेली असते ती झाळणी सैल होत होती. नोव्हेंबर २०१६ मध्ये अॅपलने १४९ डॉलर घेऊन दुरुस्ती देऊ केली, आणि कारण सांगितलं की फोन कठीण पृष्ठावर पुन्हापुन्हा पडला आणि त्यावर आणखी ताण आला की असं होतं. यावरून खटला झाला. २०१८ मध्ये कोर्टाच्या कागदांतून बाहेर आलं की कंपनीच्या स्वतःच्याच आतल्या चाचण्यांनुसार आयफोन ६ वाकण्याची शक्यता आधीच्या ५एस पेक्षा ३.३ पट होती आणि ६ प्लसची ७.२ पट. विक्री सुरू व्हायच्या आधीच हे कंपनीला ठाऊक होतं.

आता बघा. व्हिडिओवाल्याने जोर किती लावला ते मोजलं नाही, नमुना एकच, म्हणजे पद्धत कच्ची. पण त्याने अंगठे टेकवले ते आवाजाच्या बटणांपाशी, जिथे फोन खरोखर कमजोर होता. लॅबने जोर अचूक मोजला, पण तो लावला मधोमध, आणि तोही एकदाच. खिशातला फोन रोज थोडा थोडा वाकतो आणि परत सरळ होतो. मेकॅनिकलमध्ये याला फटीग म्हणतात. तार एकदा वाकवून तुटत नाही, दहा वेळा इकडेतिकडे केली की तुटते. झाळणी अशाच त्रासाने सैल होते, आणि तो त्रास दोघांच्याही चाचणीत नव्हता.

म्हणून व्हिडिओ बघताना मी एवढंच टिपतो, की कुठून मोडला? नेमक्या त्याच जागी दुसऱ्याचाही फोन मोडलाय का? मोडला हे विशेष नाही, पुरेसा जोर लावला तर काहीही मोडतं. पण वेगवेगळ्या माणसांच्या हातात तो एकाच जागी मोडत असेल तर तिथे रचनेत खोट आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये नेल्सनने गूगलचा घडीचा पिक्सेल १० प्रो फोल्ड उलटा वाकवला तेव्हा बॅटरीतून धूर निघाला. आपण कोणी फोन उलटा वाकवणार नाही, पण कडेच्या पट्टीत जिथे अँटेनाची फट असते तिथेच तो मोडला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी.

३. आपटणे

इथे सगळ्यात जास्त फसगत होते, आणि त्यात कोणी लबाडी करावी लागत नाही. साधं गणित आहे.

समजा दोन फोन अगदी सारखे दणकट आहेत. दोघांचीही एका पडण्यात फुटायची शक्यता निम्मी. प्रत्येकाचा एकेक नमुना एकदा पाडला. तर एक फुटेल आणि दुसरा वाचेल, असं किती वेळा होईल? बरोबर अर्ध्या वेळा. म्हणजे नाणं उडवून केलेल्या निकालावर आपण "हा कणखर, तो नाजूक" असं म्हणत बसतो, आणि त्यावर दीडशे दिनार घालवतो.

फोन कोपऱ्यावर पडला की सपाट पडला, यावर सगळं अवलंबून. काही जण, उदाहरणार्थ 'फोनबफ', यासाठी यंत्राचा हात वापरतात, म्हणजे दोन्ही फोन सारख्याच कोनात पडतात. हे चांगलं. पण नमुने मोजकेच. काचेचा स्वभावही आड येतो. फोनची काच वितळलेल्या पोटॅशियमच्या क्षारात बुडवून काढतात. काचेतले सोडियमचे अणू निघून जागी मोठे पोटॅशियमचे अणू शिरतात, त्यामुळे वरचा थर दाटीवाटीने आवळला जातो आणि चीर पुढे सरकू देत नाही. पण एखादा ओरखडा त्या थराच्या खाली पोहोचला असेल तर तिथूनच काच जाते. व्हिडिओतली काच डब्यातून आत्ताच काढलेली, तुमची काच वर्षभर शमाल खाल्लेली. दोघींची तुलना कशी करणार?

खोक्यावर कधी कधी "मिलिटरी ग्रेड" असं ठोकलेलं असतं. ते अमेरिकन लष्कराच्या एमआयएल-एसटीडी-८१० या मानकावरून. त्यातली पाडण्याची चाचणी अशी: ४८ इंच म्हणजे १२२ सेंटीमीटरवरून २६ वेळा पाडायचं, म्हणजे ८ कोपरे, १२ कडा, ६ बाजू. ऐकायला भारी. पण खाली असतं काँक्रीटवर ठेवलेलं दोन इंची प्लायवूड, आणि २६ पडण्या पाच नमुन्यांत वाटून घ्यायला परवानगी. शिवाय लष्कर कोणाला प्रमाणपत्र देत नाही. कुठल्या चाचण्या करायच्या हे कंपनी निवडते आणि आपणच सांगते की आम्ही पास. हूऱ्यातल्या आपल्या फ्लॅटमध्ये प्लायवूडची जमीन कोणाकडे आहे? सगळीकडे टाइल.

घडीच्या फोनची गंमत वेगळी. २०१९ मध्ये सीनेटने गॅलेक्सी फोल्ड एका यंत्रावर चढवून उघड-मीट उघड-मीट करवला. कंपनी म्हणत होती २ लाख घड्या, यंत्रावर सुमारे १ लाख २० हजारांना पडदा गेला. रोज शंभरदा उघडला तर तीन वर्षांहून थोडं जास्त. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच यंत्रावर मोटोरोलाचा रेझर २७ हजारांतच अडखळला. मोटोरोलाने हरकत घेतली की हे यंत्र आमच्या बिजागरीसाठी बनलेलंच नाही, तिच्यावर नको तो ताण येतो. हरकत अगदीच फुकाची नव्हती, माणूस इतक्या भराभर फोन उघडत नाही. पण ते यंत्र बनवलं होतं फोनचा विमा विकणाऱ्या स्क्वेअरट्रेडने, हेही ध्यानात ठेवायचं. फोन नाजूक ठरला की विमा खपतो. आकडे चूक असतीलच असं नाही, पण कोण मोजतोय ते बघावं.

४. पाणी

इथे मला आमच्या बिल्डिंगमधल्या एका दादांची गोष्ट सांगायची आहे. सातारकडचे, एसीचं काम करतात. उन्हाळ्यात दुपारी १२ ते ४ उघड्यावर कामाला सरकारी बंदी असते, पण त्याच्या आधी आणि नंतर गच्चीवर एसीच्या पेट्यांमध्येच असतात. त्यांनी हप्त्याने एक फोन घेतला. घ्यायच्या आधी हिंदीतला एक व्हिडिओ चार वेळा बघितला होता, बरणीतल्या पाण्यात अर्धा तास, बाहेर काढला तर चालू. खोक्यावर आयपी६८ लिहिलेलं. एका शुक्रवारी समुद्रावर गेले, फोन गुडघाभर पाण्यात धरून फोटो काढले, घरी आले, रुमालाने पुसला आणि चार्जिंगला लावला. दोन दिवसांत चार्जिंगचं भोक हिरवं पडलं, चौथ्या दिवशी फोन बंद. सर्व्हिस सेंटरवाल्याने आत बघितलं आणि सांगितलं, पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही. बोर्ड बदलायचा खर्च फोनच्या निम्म्या किमतीपेक्षा जास्त. हप्ते मात्र चालूच.

पैशाचं दुःख होतंच. पण मुलगी दोन वर्षांची असताना ते इकडे आले. तिचं चालणं, बोलणं, शाळेचा पहिला दिवस, सगळं त्यांनी त्या फोनमध्येच बघितलं होतं. ते फोटो दुसरीकडे कुठे ठेवलेले नव्हते. मला विचारत होते, "व्हिडिओत तर चालला होता ना हो?"

व्हिडिओत चाललाच होता. खोटं काहीच नव्हतं. पण आयपी६८ म्हणजे काय, ते कोणी सांगितलं नव्हतं. आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकात ६ म्हणजे धूळ आत जात नाही आणि ८ म्हणजे एक मीटरपेक्षा जास्त खोल पाण्यात टिकतो. किती खोल आणि किती वेळ, हे कंपनी ठरवते. पाणी गोडं, स्थिर, लॅबमधलं, आणि फोन नवा. खारं पाणी त्यात नाही, पोहण्याच्या तलावातलं क्लोरीन नाही. खारं पाणी भोकात राहिलं आणि वर चार्जर लावला की वीज आणि मीठ मिळून धातू खायला लागतात. आठवी-नववीच्या विज्ञानातलं विद्युत अपघटन, दुसरं काही नाही.

आणि हे एकट्या दादांचं झालं असंही नाही. ऑस्ट्रेलियात ग्राहक आयोगाने २०१९ मध्ये सॅमसंगवर दावा लावला होता. जाहिरातीत गॅलेक्सी फोन समुद्रात आणि तलावात दाखवले होते, आणि ओलं असताना चार्ज केलं तर भोक गंजू शकतं हे सांगितलं नव्हतं. जून २०२२ मध्ये कोर्टाने १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. इटलीच्या स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२० मध्ये अॅपलला १ कोटी युरोचा दंड लावला. फोन पाण्यात टिकतो अशी जाहिरात करायची आणि पाणी गेलं की वॉरंटी नाकारायची, हे एक कारण त्यात होतं.

नीट केलेली चाचणी इथे कामाला येते, हेही सांगतो. २०१६ मध्ये कन्झ्युमर रिपोर्ट्सने गॅलेक्सी एस७ अॅक्टिव्ह पाण्याच्या टाकीत ठेवला. पहिला गेला. त्यांनी दुसरा आणून ठेवला, तोही गेला. मग कंपनीने तपास केला, उत्पादनातला दोष सापडला, दुरुस्त केला. एक नमुना गेला तर नशीब म्हणता येतं, दोन गेले तर विचारावं लागतं.

५. जे कोणी तपासत नाही

आपल्याकडचा खरा शत्रू उन्हाळा. फोनच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात बघा. अॅपल लिहितं की फोन वापरायचा तो ० ते ३५ अंशांत. जुलै-ऑगस्टमध्ये बहरीनमध्ये दुपारी ३५ अंश हे सुखाचं तापमान झालं. बंद गाडीतल्या डॅशबोर्डची तर गोष्टच सोडा. उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते आणि फुगतेही. बॅटरी फुगली की मागचं झाकण उचललं जातं, कडेचा चिकट थर सुटतो, आणि मग आयपी६८ चा आकडा खोक्यावरच राहतो.

दोन उन्हाळे बहरीनच्या गच्चीवर काढून मग बुडवलेला फोन कुठल्या व्हिडिओत दिसत नाही. दिसणारही नाही. त्याला दोन वर्षं लागतात, आणि व्हिडिओ फोन आला त्याच आठवड्यात टाकावा लागतो, नाहीतर बघतो कोण? बघणाऱ्यांच्या संख्येवर त्यांची कमाई. वाकला नाही, फुटला नाही, बुडाला नाही, असा व्हिडिओ कोणी बघत नाही. त्यामुळे मोडलेलेच जास्त समोर येतात, किंवा मग कंपनीने पाठवलेला फोन आणि कौतुक.

६. मग धरायचं काय?

गाड्यांच्या बाबतीत आपल्याकडे हे निस्तरलं गेलंय. पूर्वी "पत्रा जाड आहे" म्हणून गाडी घ्यायचे. २०१४ पासून ग्लोबल एनकॅपने भारतातल्या गाड्या भिंतीवर आदळून निकाल छापायला सुरुवात केली. डिसेंबर २०१८ मध्ये टाटांच्या नेक्सॉनला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले. तेव्हापासून घरातले काकासुद्धा शोरूममध्ये तारे विचारतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप सुरू झालं. आदळायचा वेग, पुतळे, गुण, सगळं आधी छापलेलं असतं.

फोनसाठी याच्या जवळ जाणारी गोष्ट २० जून २०२५ पासून युरोपात आली. तिथे विकल्या जाणाऱ्या फोनवर ए पासून सुरू होणाऱ्या अक्षरांची पट्टी लागते. किती वेळा पडून टिकला त्याची श्रेणी, दुरुस्ती किती सोपी त्याची श्रेणी, पाणी-धुळीचा आकडा आणि बॅटरी किती वेळा भरल्यावर ८० टक्क्यांवर येते तो आकडा. किमान ८०० वेळा तरी ती टिकलीच पाहिजे. चाचणी एका फोनवर होत नाही, नमुने अनेक असतात. ही माहिती 'एप्रेल' या सरकारी नोंदवहीत कोणालाही फुकट बघता येते, हूऱ्यात बसूनही. ती परिपूर्ण नाही. चाचण्या कंपन्या स्वतः करतात किंवा करून घेतात, आणि चाचणीचं वर्णन संदिग्ध आहे असं सांगून अॅपलने स्वतःचे काही गुण आपणच खाली आणले. युरोपातला आणि आखातातला मॉडेल नंबरही वेगळा असू शकतो, तो जुळवून बघायला हवा. तरी बरणीपेक्षा बरं.

तर फोन घ्यायच्या आधी मी काय करीन ते सांगतो.

– व्हिडिओ बघायचा तो "काय झालं" यासाठी नाही, "कुठे झालं" यासाठी. तीन वेगळ्या लोकांचे बघायचे. तिघांचाही फोन एकाच जागी गेला तर तो सोडून द्यायचा.
– फोन विकत घेतलाय की कंपनीने दिलाय, हे सांगितलंय का ते ऐकायचं. भारतात जानेवारी २०२३ च्या सरकारी सूचनांनुसार फुकट मिळालेली वस्तू तशी सांगावी लागते.
– "दोन वर्षांनंतर" असं लिहिलेले अनुभव शोधायचे. ते कंटाळवाणे असतात आणि तेच कामाचे.
– वॉरंटीच्या कागदात पाण्याबद्दल काय लिहिलंय ते पैसे द्यायच्या आधी दुकानदारासमोर वाचायचं. गावी पाठवायचा असेल तर ती वॉरंटी भारतात चालते का, तेही.
– पडदा आणि बॅटरी बदलायचा खर्च आधीच विचारायचा. पडला तर फुटणार हे धरून चालायचं, प्रश्न किती दिनारला फुटणार एवढाच.
– खाऱ्या पाण्यात न्यायचाच नाही. गेलाच तर बंद करायचा, गोड्या पाण्याने हलकेच धुवायचा, पूर्ण वाळेपर्यंत चार्जर लावायचा नाही.
– आणि फोटो आजच दुसरीकडे ठेवा. फोन टिकणार की नाही हे कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. फोटो टिकवणं मात्र आपल्या हातात आहे.

दादांनी आता साधा फोन घेतलाय. घरून ते सगळे फोटो परत मागवले, बहिणीच्या आणि शाळेतल्या बाईंच्या फोनमधून निम्मेशिम्मे मिळाले. रविवारी मी त्यांना ते दोन ठिकाणी ठेवायला शिकवलं.

शेवटी एक सुचवतो. आपण इथे शे-दीडशे घरं तरी आहोत. सगळ्यांचे फोन याच उन्हात, याच धुळीत, याच टाइलवर पडतात. याच्यापेक्षा चांगली चाचणी कुठल्या लॅबला जमणार आहे? तुमचा फोन कुठला, कधी घेतला, पहिल्यांदा काय बिघडलं, दुरुस्तीला किती लागले, एवढं चार ओळींत कळवा. ज्यांचा काहीही न होता टिकलाय त्यांनी तर नक्की कळवा, कारण तक्रार करायला सगळे लिहितात, बरं चाललंय हे कोणी लिहीत नाही, आणि मग आपलीही यादी त्या व्हिडिओसारखीच एकांगी व्हायची. पुरेशी उत्तरं आली तर पुढच्या सुट्टीच्या आधी तक्ता करून देतो, कोणाचं नाव न टाकता.



ता. क. : प्रिंटरबद्दल कृपया विचारू नये. तो का चालत नाही हे आयटीतही कोणाला कळलेलं नाही.